अधिवेशनाच्या महिन्यात आमदाराच्या घरचे कार्य कधी ठरवावे?

वळचणीची लेक (१० नोव्हेंबर २०२५)

नमस्कार. माझे वडील २०२४ च्या निवडणुकीत पहिल्यांदाच विधानसभेवर निवडून आले. मतदारसंघाचे आणि पक्षाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण माझा प्रश्न घरचा आहे आणि त्याच्या उत्तरांत पक्ष शिरला की चर्चा भरकटते, हे मी येथेच अनेकदा पाहिले आहे.

गेल्या वर्षीचा डिसेंबर आमच्या घराने कसा काढला ते थोडक्यात सांगते. २३ नोव्हेंबरला निकाल लागला, ७ ते ९ डिसेंबर या काळात मुंबईत विशेष अधिवेशन होऊन शपथविधी झाला आणि १६ तारखेपासून नागपूरचे अधिवेशन सुरू झाले. मधल्या दिवसांत गावोगावचे सत्कार होते. नागपूर आमच्या घरापासून रात्रभराच्या प्रवासाहूनही दूर असल्याने एकदा गेलेले बाबा मध्येच परत येण्याचा प्रश्नच नव्हता. त्या महिन्यात आम्ही चौघे एकत्र जेवलो ते एकदाच, तेही एका खाणावळीत, आणि त्या वेळी टेबलाभोवती अकरा माणसे बसलेली होती.

या वर्षी माझा साखरपुडा करायचा आहे. मुलगा परदेशात नोकरीला असून त्याची रजा ६ ते २८ डिसेंबर एवढीच आहे. नगरपरिषदांचे मतदान २ डिसेंबरला आहे. अधिवेशन ८ डिसेंबरला सुरू होणार, हे तर पावसाळी अधिवेशन संपतानाच जाहीर झाले होते. ते संपणार कधी, हे मात्र घरात कोणालाही सांगता येत नाही. बाबांना कोणतीही तारीख विचारली की ते म्हणतात, "तुम्ही ठरवा, मी येतोच." आजीच्या वर्षश्राद्धालाही ते असेच म्हणाले होते आणि पाने उठल्यावर पोहोचले होते.

म्हणून जाणकारांना विचारते. अधिवेशनाच्या काळात आमदाराला कामकाजातले नेमके काय चुकवता येते आणि काय चुकवता येत नाही? एखादा दिवस गैरहजर राहण्यासाठी कोणाची परवानगी लागते का? आणि ज्यांच्या घरात आमदारकी नांदून गेली आहे, त्यांनी असे दिवस कसे निभावले?

---

जुना स्वीय सहायक (१० नोव्हेंबर २०२५)

ताई, मी तेरा वर्षे दोन आमदारांकडे स्वीय सहायक होतो, आता निवृत्त आहे. तुमच्या प्रश्नाची कायद्याची बाजू आधी संपवतो, कारण ती सर्वांत सोपी आहे. संविधानाच्या अनुच्छेद १९० प्रमाणे सभागृहाच्या अनुमतीवाचून साठ दिवस सर्व बैठकींना गैरहजर राहिलेल्या सदस्याची जागा सभागृह रिक्त घोषित करू शकते. नागपूरचे अधिवेशन अलीकडे इतके आखूड झाले आहे की तेथे हा साठचा आकडा गाठणे कोणालाही जमणार नाही. गणपूर्तीसाठी, म्हणजे बैठक चालायला लागणाऱ्या किमान उपस्थितीसाठी, अनुच्छेद १८९ प्रमाणे एक दशांश सदस्य पुरतात, म्हणजे २८८ च्या विधानसभेत २९. तेव्हा तुमचे वडील एक दिवस आले नाहीत, तर कायदाही मोडत नाही आणि सभागृहही थांबत नाही. पक्षाच्या प्रतोदांना मात्र आधी सांगून ठेवलेच पाहिजे.

अडचण येते ती पुढे. तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, सूचना अधिवेशनाच्या कितीतरी आधी द्याव्या लागतात, त्यामुळे त्यांचे काम तुमच्याकडे एव्हाना उरकले असेल. लक्षवेधी सूचनेचे, म्हणजे तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणाऱ्या सूचनेचे, तसे नसते. नियम १०५ खाली सूचना द्यायची, ती मान्य होण्याची वाट पाहायची आणि आपला विषय उद्याच्या कामकाजात आहे की नाही, हे आदल्या दिवशी संध्याकाळी किंवा रात्री कामकाजाची यादी हाती पडल्यावर समजून घ्यायचे, असा हा मामला आहे. एखाद्या धरणाच्या कालव्यासाठी तुमच्या वडिलांनी तीन अधिवेशने पाठपुरावा केलेला असेल आणि नेमका साखरपुड्याच्या दिवशी त्या विषयाचा पुकारा झाला, तर रिकाम्या जागेकडे पाहून अध्यक्ष पुढचा विषय घेतील. त्या दिवसाची भरपाई पुढे कशानेही होत नाही, कारण मंत्री सभागृहात उभे राहून जे आश्वासन देतात ते कार्यवृत्तात नोंदले जाते आणि आश्वासन समितीला त्याचा मागोवा घेता येतो. दालनात दिलेल्या शब्दाला तसा मागोवा नसतो.

दुसरी न चुकवण्याची गोष्ट म्हणजे मतदानाचा दिवस. पुरवणी मागण्या बहुधा पहिल्याच दिवशी मांडल्या जातात, त्यांवर चर्चा होऊन पुढे मतदान आणि विनियोजन विधेयक येते. पक्षादेश निघाला असेल तर त्या दिवशी घरी लग्न असले तरी माणूस जागेवर दिसावा लागतो, कारण संविधानाच्या दहाव्या अनुसूचीचा, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्याचा धाक सत्ताधारी आणि विरोधी अशा दोघांनाही सारखाच असतो. शेवटच्या टप्प्यात अंतिम आठवडा प्रस्तावावर चर्चा होते. त्या चर्चेत प्रत्येकाला आपल्या मतदारसंघाचे दोन शब्द नोंदवायचे असतात आणि नव्या सदस्यांची पाळी रात्री उशिराच लागते.

आता तारखेविषयी. २०२२ मध्ये नागपूरचे अधिवेशन १९ ते ३० डिसेंबर असे चालले, २०२३ मध्ये ७ ते २०, आणि २०२४ मध्ये १६ ते २१ असे अवघे सहा दिवस, ज्यांत शनिवारचेही कामकाज झाले. २०२० आणि २०२१ मध्ये तर ते नागपूरला झालेच नाही, मुंबईत उरकले. किती दिवस चालवायचे हे कामकाज सल्लागार समिती ठरवते आणि ठरवलेले बदलूही शकते. शनिवार-रविवार सुटीचे धरून त्यावर कार्य बेतणे हा तर सरळ जुगार आहे. माझे मत असे की ८ तारखेपासून दोन आठवडे सोडून द्या आणि रविवार, २१ डिसेंबर धरा. अधिवेशन पूर्ण लांबीचे झाले तरी तोवर आटोपलेले असेल आणि लवकर आटोपले तर वडिलांना घरी यायला चार दिवस जास्त मिळतील.

एक गोष्ट कुटुंबाने ध्यानात घ्यावी, अशी आहे. नागपूरला आमदार सभागृहात जेवढा वेळ बसतो, त्याहून अधिक वेळ तो सभागृहाबाहेर चालत असतो. सगळे मंत्री आणि बहुतेक खात्यांचे सचिव एकाच गावात, एकमेकांपासून थोड्या अंतरावर असण्याचा योग वर्षातून हा एकदाच येतो. आम्ही नागपूरला निघताना एक पत्र्याची पेटी भरून पत्रे नेत असू. प्राथमिक आरोग्य केंद्राची रिक्त पदे, रोहित्र जळालेल्या वाड्या, एका विधवेचे अडलेले निवृत्तिवेतन, रस्त्याच्या कामाची सुधारित मान्यता, असे सगळे त्यात असे. प्रत्येक पत्रावर मंत्र्यांचा शेरा मिळवायचा आणि तो शेरा संबंधित सचिवांच्या कार्यालयात आवक क्रमांकासह पोहोचवायचा, हे काम मंत्री सभागृहातून उठून दालनात येतात त्या दहा-पंधरा मिनिटांत करावे लागते. त्या पेटीतली अर्धी पत्रे जरी परत येताना मोकळी झाली, तरी आम्ही ते अधिवेशन सत्कारणी लागले असे मानत असू. वडील फोन उचलत नाहीत म्हणून घरी राग येतो, तेव्हा ते बहुधा एखाद्या दालनाच्या दारात उभे असतात.

---

ओसरी (११ नोव्हेंबर २०२५)

लेकी, तुला "तू"च म्हणते, कारण माझी धाकटी तुझ्याहून मोठी असेल. आमच्या घरी दोन वेळा आमदारकी होती आणि दोन्ही वेळा मुले शाळेत होती. माझे यजमान नागपूरहून येताना संत्र्यांची पेटी घेऊन येत. घरात पेटी दिसली की बाबा आले, हे मुलांना कळायचे, कारण ते स्वतः तोवर पुढच्या गावाला गेलेले असत.

स्वीय सहायकांनी सभागृहाचे सांगितले, मी ओसरीचे सांगते. आमदार नागपूरला गेला तरी मतदारसंघ त्याच्याबरोबर नागपूरला जात नाही. अर्धा जातो, तो वेगळा. सकाळी साडेपाचला पहिला माणूस पायरीवर बसलेला असे आणि "साहेब नाहीत" असे सांगितले की तो म्हणे, "वहिनी आहेत ना." मग त्याचे कागद घ्यायचे, चहा द्यायचा, तहसील कार्यालयात फोन करायचा. डिसेंबरात लग्ने असतात, पण लग्नाला न गेलेल्या आमदाराला लोक एकवेळ क्षमा करतात. मयताला आणि तेराव्याला न गेलेल्याला करीत नाहीत. यजमान नागपूरला असताना सांत्वनाच्या भेटींना मी जात असे. एका डिसेंबरात मी सत्तावीस घरी गेले. ती वही अजून माझ्यापाशी आहे, कारण कोणाकडे कोण गेले हे लिहून न ठेवल्यास पुढच्या भेटीत भलत्याच माणसाची चौकशी होते, आणि तसे माझ्याकडून एकदा झालेही होते.

एकदा मुलांना घेऊन मी नागपूरला गेले. सिव्हिल लाइन्समधल्या आमदार निवासात आमची खोली होती, म्हणजे कागदावर होती. प्रत्यक्षात खाटांवर आणि जमिनीवर गादी टाकून गावाकडची नऊ माणसे झोपलेली होती. त्यांतल्या तिघांना अधिवेशन पाहण्याची प्रवेशिका हवी होती, दोघांना बदलीचे काम होते आणि उरलेले नुसते साहेबांबरोबर आलेले होते. नागपूरची थंडी अशी की त्यांना उठवून बाहेर घालवणे माणुसकीला धरून झाले नसते. आम्ही चौघे एका नातेवाइकाकडे राहिलो आणि यजमान त्याच खोलीत त्या नऊ जणांबरोबर दहावे झाले. ते पहाटे आंघोळीला रांगेत उभे राहत, हे मी स्वतः पाहिले आहे.

बायका आमदार झाल्या की हा ताण आणखी वेगळा होतो. २०२२ च्या डिसेंबरात देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या होत्या, ते तुला आठवत असेल. त्यानंतर विधान भवनात हिरकणी कक्षाची सोय झाली आणि पुढच्या, मुंबईतल्या अधिवेशनात तेथल्या हिरकणी कक्षाच्या दुरवस्थेबद्दल त्यांना तक्रारही करावी लागली. त्या इमारतीत इतकी वर्षे हजारो पुरुष बाप म्हणून वावरले, पण बाळ कोठे ठेवायचे हा प्रश्न कोणाला पडला नव्हता, कारण त्यांची बाळे आमच्याकडे होती. विषयाला सोडून वाटेल, तरी लिहिल्यावाचून राहवले नाही.

आता तुझ्या साखरपुड्याचे. वडिलांना विचारून तारीख ठरवू नकोस. ते खोटे बोलत नाहीत, पण दिवसाला पन्नास माणसांना "हो, येतो" म्हणायची सवय लागलेला माणूस घरच्यांनाही त्याच सुरात उत्तर देतो. तारीख त्यांच्या स्वीय सहायकाशी बोलून ठरव आणि त्याच्या वहीत लाल शाईने लिहायला लाव. दुसरे, कार्य आपल्या गावात करू नकोस. आमदाराच्या घरचे कार्य म्हटले की आलेल्या माणसांपेक्षा न बोलावलेल्या माणसांची मोजदाद जास्त होते. आम्ही थोरलीच्या बारशाला चाळीस माणसे बोलावली आणि पुढच्या निवडणुकीत दोन गावांनी आम्हांला त्याचा हिशेब दिला. साखरपुडा मुलाकडच्यांच्या गावी ठेव, म्हणजे निमंत्रण त्यांचे असेल आणि "जागा लहान होती" हे सांगायला तुझे वडील मोकळे राहतील. पत्रिका छापू नकोस. छापलेली पत्रिका संध्याकाळपर्यंत तालुक्याच्या सगळ्या गटांत फिरते.

---

साधा मतदार (११ नोव्हेंबर २०२५)

वरील दोन्ही उत्तरे मन लावून वाचली आणि ताईंविषयी सहानुभूतीही आहे. तरी एक मतभेद नोंदवतो. नागपूर करार २८ सप्टेंबर १९५३ रोजी झाला, त्यात वर्षातून एक अधिवेशन नागपूरला घेण्याचे ठरले आणि १९६० पासून ते होऊ लागले. विदर्भाचे प्रश्न तेथे बसून ऐकावेत, हा त्यामागचा हेतू होता. आज त्या अधिवेशनाचे सहा-आठ दिवस उरले असतील, तर त्यांतला एकही दिवस घरच्या कार्यासाठी सोडण्याचा विचार मनात येऊ नये. आम्ही मत दिले ते सभागृहातल्या कामासाठी. तेराव्याला जाणे, वाढदिवसाचे फलक लावणे, क्रिकेटच्या स्पर्धांची फीत कापणे, ही कामे आम्ही सांगितलेली नाहीत. ती कमी केली, तर साखरपुड्यालाही वेळ मिळेल आणि अभ्यासालाही.

---

जुना स्वीय सहायक (११ नोव्हेंबर २०२५)

आपले म्हणणे तत्त्वतः मान्य आहे, पण अनुभव सांगतो. माझ्या पहिल्या साहेबांची सभागृहातली उपस्थिती उत्तम होती, विधिमंडळाच्या ग्रंथालयात रात्री दिवा लागलेला असला तर लोक त्यांचेच नाव घेत. ते पुढच्या निवडणुकीत पडले. प्रचारात एकाही गावाने त्यांना लक्षवेधींची संख्या विचारली नाही. तीन गावांनी मात्र "आमच्याकडे मयत झाले तेव्हा तुम्ही कोठे होता" असे विचारले, आणि त्या दिवशी ते लोकलेखा समितीच्या बैठकीत होते. समित्यांचे काम तर लोकांना दिसतच नाही, कारण त्यांच्या बैठका बंद दाराआड होतात. ही कामे आपण सांगितली नसतील, पण ती न केल्याची शिक्षा आपणच देतो.

स्थानिक विकास निधीचेही असेच आहे. आमदाराला वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात. मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांची, अंमलबजावणी दुसऱ्याच यंत्रणेची, पण रस्ता उखडला की फोन आमदाराला. मार्चअखेरीपूर्वी प्रस्ताव मार्गी लावायचे असल्याने हा धोशा डिसेंबरातच सुरू होतो. या वर्षी आचारसंहितेमुळे भूमिपूजने थांबली आहेत, तेवढा दिलासा समजा.

---

प्रेक्षक सज्जा (१२ नोव्हेंबर २०२५)

मी राज्यशास्त्राचा विद्यार्थी असताना राष्ट्रकुल संसदीय मंडळाच्या महाराष्ट्र शाखेतर्फे नागपूरला होणाऱ्या संसदीय अभ्यासवर्गाला गेलो होतो. त्या निमित्ताने काही दिवस सज्जातून सभागृह पाहता आले आणि नंतर वार्ताहर म्हणून दोन अधिवेशने पाहिली, म्हणून थोडी भर घालतो.

बाहेरच्यांना वाटते की सभागृहातला गोंधळ हाच आमदाराचा दिवस. मला आठवतो तो रात्री दहाच्या सुमाराचा देखावा. बाके जवळपास रिकामी, मंत्र्यांपैकी एक-दोघे टिपणे घेत बसलेले, आणि मागच्या बाकावर पहिल्यांदा निवडून आलेले एक सदस्य हातात घडी घातलेले चार कागद घेऊन आपल्या नावाची वाट पाहत होते. दुपारपासून ते जागेवरून हलले नव्हते, कारण नाव पुकारले जाईल तेव्हा आपण बाहेर असू, ही भीती होती. शेवटी त्यांना तीन मिनिटे मिळाली. चार कागदांतला एकच वाचून झाला. उरलेले त्यांनी पटलावर ठेवण्याची परवानगी मागितली. सज्जातल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण हसले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या विशेष बैठकीला तेच सदस्य आमच्या आधी येऊन बसलेले होते.

दुपारचे काही तास मोर्चांचे. यशवंत स्टेडियमकडून निघालेले मोर्चे पोलीस वाटेत अडवतात आणि त्या त्या भागातल्या आमदाराने आपल्याकडच्या मोर्चाला सामोरे जाणे अपेक्षित असते. अंगणवाडी सेविका, विनाअनुदानित शाळांचे शिक्षक, धरणग्रस्त, असे कोणी ना कोणी तुमच्या वडिलांच्या तालुक्यातून आलेले असणारच. ते उन्हात रस्त्यावर बसलेले असताना आमदार सभागृहात आहे, हे कारण त्यांना पटत नाही.

वेळापत्रकाविषयी एकच आठवण. २०१८ मध्ये पावसाळी अधिवेशन नागपूरला घेतले होते आणि जुलैच्या पहिल्याच आठवड्यात इतका पाऊस झाला की विधान भवनाचा वीजपुरवठा बंद करावा लागला आणि त्या दिवसाचे कामकाज थांबले. तेव्हा २१ तारीख धरा, पण दाराशी एक गाडी तयार ठेवा.

---

वळचणीची लेक (१४ नोव्हेंबर २०२५)

सर्वांचे मनापासून आभार. ओसरी काकूंच्या सांगण्याप्रमाणे मी बाबांना न विचारता त्यांच्या स्वीय सहायकांशी बोलले. रविवार, २१ डिसेंबर, संध्याकाळी साडेपाच, मुलाच्या गावी, चाळीस माणसे, असे ठरले आहे. त्यांनी वहीत लाल शाईने नोंदही केली. पत्रिका छापलेली नाही. साधा मतदार यांना सांगावेसे वाटते की या तारखेमुळे बाबांचा सभागृहातला एकही दिवस बुडणार नाही, त्यामुळे आपला मतभेद या घरापुरता मिटला असे समजावे.

---

वळचणीची लेक (३ डिसेंबर २०२५)

काल मतदान झाले आणि कालच उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सर्व नगरपरिषदांची मतमोजणी एकत्रच, २१ डिसेंबरला करण्याचा आदेश दिला. स्वीय सहायकांचा सकाळी फोन आला होता. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "ताई, लाल शाई वाया गेली."

तारीख आता बदलता येत नाही, कारण मुलाकडची माणसे तिकिटे काढून बसली आहेत आणि २८ ला तो परत जाणार आहे.

---

ओसरी (३ डिसेंबर २०२५)

बदलू नकोस. नगरपरिषदेचे निकाल दुपारपर्यंत लागतात. गाडीत एक धुतलेला सदरा ठेवून दे, गुलालाचा डाग साबणाने लवकर जात नाही. जिंकले तर मिरवणूक लांबेल आणि हरले तर कार्यकर्त्यांच्या घरी जावे लागेल, दोन्हींचा वेळ आधीच धर.

---

वळचणीची लेक (२४ डिसेंबर २०२५)

काय झाले ते कळवणे मला योग्य वाटते. अधिवेशन ८ ते १४ असे एकाच आठवड्यात संपले आणि शनिवार-रविवारीही कामकाज झाले, म्हणजे जुन्या स्वीय सहायकांचा इशारा अक्षरशः खरा ठरला. आमच्या पाझर तलावाची लक्षवेधी यादीत आली, पण तिची पाळी येण्याआधी त्या दिवसाचे कामकाज संपले. बाबांनी नेलेल्या पत्रांपैकी एकवीस पत्रांवर शेरे मिळाले. हा आकडा त्यांनी स्वतः आईला फोन करून सांगितला. अधिवेशनाच्या त्या आठवड्यात त्यांनी घरी आपणहून केलेला तो एकच फोन. सप्टेंबरच्या अतिवृष्टीची मदत ज्यांच्या खात्यात आली नव्हती, अशा माणसांची यादी आई इकडे ओसरीवर बसून करीत होती आणि रोज रात्री तिकडे पाठवीत होती. तिच्या अक्षरातली ती यादी बाबांनी जशीच्या तशी दालनात दिली, हे तिला नंतर स्वीय सहायकांकडून कळले.

२१ तारखेला बाबा सकाळपासून मतमोजणीच्या ठिकाणी होते. आमच्या तालुक्याच्या गावचा निकाल दीड वाजता लागला. काय लागला ते येथे लिहीत नाही, पण काकूंनी सांगितलेल्या दोन्ही गोष्टी कराव्या लागल्या, कारण निम्म्या प्रभागांत एक आणि निम्म्यांत दुसरे झाले होते. साडेपाचचा साखरपुडा सव्वासातला सुरू झाला. चाळीस माणसांची एकशेदहा झाली, त्यांतल्या पस्तीसेक जणांना मुलाकडचे ओळखत नव्हते आणि आम्हीही ओळखत नव्हतो. सदरा बदलला होता, तरी कानामागे गुलाल राहिलाच होता. तो सगळ्या छायाचित्रांत दिसतो.

अंगठ्या घालताना बाबांनी फोन माझ्या मामांच्या हाती दिला. त्या पाऊण तासात मामांनी एकोणीस फोन घेतले, त्यांतला एक दुसऱ्या दिवशीच्या तेराव्याचा होता. बाबा तेथे गेले, कारण त्या घरचा मुलगा मतदानाच्या दिवशी आमच्या केंद्रावर बसलेला होता.

लग्न पुढच्या वर्षी आहे. अर्थसंकल्पीय अधिवेशन २३ फेब्रुवारीला मुंबईत सुरू होणार असे जाहीर झाले आहे आणि उरलेल्या स्थानिक निवडणुका ३१ जानेवारीपर्यंत पूर्ण करायच्या आहेत. मुलाला मे महिन्यात तीन आठवड्यांची रजा मिळू शकते. जुने स्वीय सहायक काका, मे महिना आपल्याला कसा वाटतो?